चार टक्के गेनू फडतरे

नळीत थुंकायचं होतं, तेही खुणेच्या रेघेपर्यंत. डॉ. शर्वरी फडतरे कराडच्या आपल्या दातांच्या दवाखान्यात रोज तीस-चाळीस माणसांच्या तोंडात हात घालायची, त्यामुळे थुंकीची तिला किळस नव्हती. पण ज्या डबीतून ती नळी आली होती, तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘आपल्या माणसाला परत बोलवा’ असं छापलं होतं. ते वाचून तिनं नळी पुन्हा डबीत ठेवली आणि सोबतचे कागद उलगडले.

"अण्णा, या कागदांवर काय लिहिलंय ते वाचलंत का तुम्ही?"

"त्यात काय वाचायचं? थुंक आणि झाकण लाव. माझी नळी कधीच भरून ठेवलीय."

अण्णा म्हणजे तिचे वडील, निवृत्त सुभेदार जयसिंग फडतरे. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर कागदाचा शब्दन् शब्द वाचून सही करणारा माणूस. या वेळी मात्र त्यांनी बावीस पानांच्या करारावर चष्मासुद्धा न लावता सही ठोकली होती.

त्यालाही कारण होतं. अण्णांचे आजोबा, नाईक गेनू फडतरे, १९४१ साली माणदेशातल्या आपल्या गावातून पलटणीबरोबर मलायाला गेले. सिंगापूर पडलं तेव्हा ते जपान्यांच्या हाती सापडले, आणि पुढे कैद्यांच्या एका जहाजातून पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर धावपट्टी खणायला धाडले गेले. १९४४ च्या मार्चमध्ये ते जहाज त्याच बेटाच्या खाडीत, कैदी अजून आतच असताना, दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी बुडवलं. घरी तार आली, तिच्यात एकच शब्द कामाचा होता : बेपत्ता. गेनूची बायको चंद्राई पुढे त्रेपन्न वर्षं जगली आणि कुंकू लावूनच गेली. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, असं ती म्हणायची. पोटचा मुलगा खाशाबा बाप गेला तेव्हा पाळण्यात होता. गेनूचा एकही फोटो घरात नव्हता, ना लग्नाचा, ना पलटणीतला. खाशाबा मरताना अण्णांना म्हणाला होता, "माझा बाप दिसायला कसा होता, एवढं तरी कळलं असतं तर बरं झालं असतं."

आणि आता, जहाज बुडाल्याला शंभर वर्षं होत असताना, एक कंपनी तो चेहरा दाखवते म्हणत होती.

*

ते बेट म्हणजे तोलोमाऊ. अकरा हजार वस्तीचा देश. फिजीहून आठवड्याला दोन विमानं, बाकी चहूकडे पाणी. निळ्या खाडीच्या तळाशी लढाईच्या काळातली चौदा जहाजं आणि सहा विमानं पडलेली. पूर्वी तिथे गंजलेल्या तोफा बघायला वर्षाकाठी पाच-सहाशे पाणबुडे यायचे. कंपनी आल्यापासून महिन्याला चार हजार येऊ लागले.

शर्वरीनं बारा वर्षांपूर्वी मालवणला पाण्यात उतरायचं शिकून घेतलं होतं, दर दिवाळीला कुठे ना कुठे बुडी मारायची तिची सवय होती. अण्णांचं हृदय दोनदा उघडून झालेलं. ते येणं शक्यच नव्हतं. ‘तू जा. तू पाहिलंस म्हणजे मी पाहिलं,’ ते म्हणाले. तिच्या मास्कमधलं सगळं त्यांना कराडच्या घरातल्या पडद्यावर तेव्हाचं तेव्हा दिसणार होतं.

विमानतळावर भारतीय कुटुंबांना भेटायला कंपनीचा माणूस आला होता, अद्वैत दाबके. पुण्याचा, तिशीतला, अंगात फुलाफुलांचा शर्ट. त्यानं शर्वरीच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली.

"या डॉक्टर. पणजोबा वाट बघतायत."

हे वाक्य तो दर खेपेला म्हणत असावा, इतकं ते गुळगुळीत झालं होतं.

संध्याकाळी त्यानं सगळ्या पाहुण्यांना बसवून यंत्राची माहिती सांगितली, आणि ती सांगितली मात्र छान. कोमट खाऱ्या पाण्यात शंभर वर्षं पडलेल्या हाडात डीएनए जवळजवळ उरत नाही. त्याचे तुकडे तुकडे होतात, जसं भिजून लगदा झालेलं पुस्तक. पण दाताच्या आत, कवचाखाली, काही प्रथिनं टिकून राहतात. त्यांवरून डीएनएच्या काही ओळी मागे जाऊन वाचता येतात. ‘म्हणजे पुस्तकातली इथली दोन पानं, तिथली चार वाक्यं,’ दाबके म्हणाला. उरलेलं पुस्तक कुठून आणायचं? तर त्या माणसाच्या वंशजांकडून, कारण त्यांच्याकडे त्याच पुस्तकाची नक्कल असते. दोन्ही एकत्र करून यंत्र नाकाची लांबी, कपाळाची रुंदी, कातडीचा रंग, भुवयांचं वळण सगळं मांडतं. जबड्याच्या नि टाळूच्या मापावरून आवाजही बांधता येतो. मग जहाजात त्या माणसाचं हाड जिथे सापडलं तिथे नाण्याएवढी एक चकती लावून ठेवायची. पाणबुड्याचा मास्क ती चकती शोधतो आणि काचेवर त्या जागी अख्खा माणूस उभा करतो.

"हाड हे खुंटीसारखं समजा," दाबके हसत म्हणाला, "त्यावर आपण माणूस टांगतो."

कुणीतरी हसलं. शर्वरीला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला पत्र्याच्या वाडग्यांतून पातळ भात आला, त्यावर लोण्यात परतलेले कोळंबीचे सहा तुकडे मांडलेले. कार्डावर लिहिलं होतं, ‘कैद्यांचं जेवण.’ शेजारच्या टेबलावरचं एक नवपरिणीत जोडपं वाडगा हातात घेऊन फोटो काढत होतं. शर्वरीनं एक घास तोंडात घातला, तो तोंडातच फिरत राहिला. तिनं तो कागदी रुमालात काढून ठेवला आणि उठली.

धक्क्यावर तेरेसिया नावाची बाई शर्वरीची हवेची टाकी तपासत बसली होती. तिथल्या कायद्यानं प्रत्येक बोटीवर बेटावरचा एक वाटाड्या घ्यावाच लागे. तेरेसिया साठीची, रुंद खांद्यांची, चाळीस वर्षं याच खाडीत उतरलेली.

"जेवलीस?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नाही जमलं."

"चांगलं केलंस. मी तर त्या खोलीत पाऊलच टाकत नाही."

*

सव्वीस मीटर खाली जहाज उजव्या कुशीवर पडलं होतं. हिरवट पाण्यातून आधी डोलकाठी दिसली, मग पोटाला पडलेलं भगदाड, मग मालाचं कोठार, म्हणजे कैद्यांना ठेवलं होतं ती जागा. चारशे माणसं त्या कोठारात कोंडली होती, वरून फळ्या ठोकून. शर्वरी भगदाडातून आत शिरली. मास्क अख्ख्या तोंडावर बसणारा होता, त्यातून बोलता यायचं आणि ऐकूही यायचं.

"अण्णा, ऐकू येतंय का?"

"येतंय," कराडहून आवाज आला. "पुढं जा."

मास्कच्या काचेवर तीन चिन्हं लुकलुकत होती आणि त्यांच्याखाली तीन शब्द : शूर, दुःखी, मिश्कील. मृताचा स्वभाव पाहुण्यानं निवडायचा होता. तिनं काहीच निवडलं नाही, तेव्हा यंत्रानं आपणहून ‘शूर’ निवडलं.

कोठारात दिवे लागल्यासारखं झालं. भिंतीपाशी एकेक माणूस उभा राहिला, खाकी कपड्यांतला, धडधाकट, छाती काढलेला. दोन वर्षं उपाशी राबवलेल्या कैद्यांपैकी एकाचीही बरगडी दिसत नव्हती. तिच्या पुढे पोहणाऱ्या जोडप्यातला नवरा एका शीख शिपायाच्या खांद्यावर हात टाकून बायकोकडून फोटो काढून घेत होता. शिपाई त्याच्याकडे बघून डोळा मिचकावत होता. त्यानं ‘मिश्कील’ निवडलेलं असणार.

कोपऱ्यात सहाव्या क्रमांकाच्या चकतीपाशी गेनू फडतरे उभे राहिले.

तेच कपाळ, तीच डावीकडे झुकलेली हनुवटी, डोळ्यांखालचा तोच खोलगट भाग. मिशा भरघोस, वर फेटा. जणू अण्णाच पंचवीस वर्षांचे होऊन पाण्यात उतरले होते. त्यांनी तिला सलाम ठोकला आणि म्हणाले, "बेटी, बहुत देर कर दी आने में."

माणदेशी गेनू, ज्याची हिंदी पलटणीतल्या कामापुरतीच असणार, तो सिनेमातल्या हिंदीत बोलत होता. तिला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण कानात अण्णांचं रडणं होतं. तिनं वडलांना याआधी कधीच रडताना ऐकलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. आजोबा कुठल्या भाषेत बोलले हे त्यांनी ऐकलंच नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे.

"आबा," ते म्हणत होते, "आबा, खाशाबाचा मुलगा मी. जयसिंग."

शर्वरीला ते सोसवेना. तिनं मास्कच्या कडेची कळ दाबली आणि चित्र बंद केलं. अण्णांचा पडदा वेगळा होता, त्यांना दिसतच राहिलं. तिच्यापुढे मात्र आता नुसतं कोठार उरलं : गंजाच्या पापड्या, गाळ, एक रबरी बूट. आणि कोपऱ्यात स्टीलच्या पट्टीवर दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेला एक जबडा, वरचा आणि खालचा एकमेकांना जोडलेले. हाडाला गिरमिटानं भोकं पाडलेली. कडेला गोंदानं डकवलेली चकती.

ती जवळ गेली. हात लावायचा नाही असा नियम होता, तिनं हात लावला नाही. तिनं फक्त पाहिलं, रोज पाहते तसं.

अक्कलदाढ हाडात अर्धी आतच होती. बाजूला हाड फुटलेलं होतं, त्यातून मूळ दिसत होतं. मूळ जेमतेम अर्धं तयार झालेलं, टोक फनेलसारखं उघडं. वरच्या समोरच्या दातांच्या मागे दोन्ही कडा उचललेल्या, फावड्यासारख्या. तिच्याकडच्या रुग्णांत तिनं असे दात क्वचितच पाहिले होते. पूर्वेकडच्या लोकांत ते जास्त आढळतात, हे ती कॉलेजात शिकली होती.

घर सोडताना गेनू सव्वीस वर्षांचा होता, जहाज बुडालं तेव्हा एकोणतीसचा. हे दात सोळा-सतरा वर्षांच्या माणसाचे होते.

*

"दातांवरून वय काढणं ही काही खात्रीची गोष्ट नाही, डॉक्टर," दाबके म्हणाला. त्याच्या खोलीत एसी इतका होता की शर्वरीचे ओले केस गार पडले.

"एकोणतीस आणि सतरा यांतला फरक काढता येतो. रोज काढते मी. तो जबडा माझ्या पणजोबांचा नाही. तो हिंदी माणसाचाच असेल असंही मला वाटत नाही. तुमच्या अहवालाची सगळी पानं दाखवा."

त्यानं कां-कूं केलं नाही. ते तिला जास्त लागलं. पडदा तिच्याकडे वळवून त्यानं शेवटच्या परिशिष्टावर बोट ठेवलं. हाडातून मिळालेली माहिती : चार टक्के. वंशजांच्या नमुन्यातून : शहाण्णव.

"चार टक्के," ती म्हणाली.

"बऱ्याच वेळा दोनच मिळतात. तुमचं नशीब चांगलं."

"आणि हे चार टक्केसुद्धा दुसऱ्याच कुणाचे. म्हणजे तो चेहरा पणजोबांचा नाहीच. माझी आणि अण्णांची थुंकी घेऊन तुम्ही आमचेच चेहरे आम्हाला विकलेत."

"विकले नाहीत, तुमची सहल मोफत होती. पाहुणे पैसे देतात." दाबकेनं खुर्चीत मागे टेकून तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, चारशे माणसं गेली त्या कोठारात. हाडं सापडली एकतीस. कुठलं कुणाचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कुटुंबांना चेहरा हवा असतो. आम्ही चेहरा देतो. तुमचे वडील आज रडले ना? सव्वाशे लोकांनी पाहिलं ते इथल्या हॉलमध्ये. सगळे उभे राहिले."

"हॉलमध्ये?"

"पान अकरा. वंशजांची प्रतिक्रिया प्रक्षेपित करण्याची संमती."

म्हणजे अण्णा कराडच्या घरात आजोबांपुढे रडत होते, आणि लोक सरबताचे पेले हातात धरून ते बघत होते. शर्वरीला वाटलं, या माणसाच्या टेबलावर आपण आता ओकणार. ती उठून बाहेर आली आणि नारळाच्या एका झाडाशी खरंच ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पित्त पडलं.

कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेरेसिया होती. तिनं शहाळं फोडून दिलं आणि शेजारी बसली. शर्वरीनं तिला सगळं सांगितलं, दातांसकट.

तेरेसियानं खाडीकडे बोट दाखवलं.

"त्या जहाजावर आमचीही माणसं होती," ती म्हणाली. "बंदरावर माल चढवायला जपान्यांनी गावातून बारा जण उचलले होते. माझ्या आजीचा धाकटा भाऊ त्यांत होता, सतरा वर्षांचा. कंपनीनं आमच्याकडे कधी थुंकी मागितली नाही. आमच्या चेहऱ्याला गिऱ्हाईक नाही ना."

"तो जबडा त्याचाच असेल असं मी म्हणू शकत नाही," शर्वरी म्हणाली. "जपानी खलाशीही असू शकेल."

"मला कुठे तसं म्हणवून घ्यायचंय? कुणाचा तरी आहे ना, एवढं पुरे. आमच्यात बुडालेल्या माणसाचं हाड मिळालं तर ते पांढऱ्या वाळूत पुरतात. त्याला भोकं पाडत नाहीत. जहाज बुडाल्यावर किनाऱ्याला वाहून आलेली तुमची सात माणसं माझ्या पणजीनं आणि तिच्या बहिणींनी पुरली. अजून दगड आहेत तिथे. कंपनीला दाखवले होते, तर ते म्हणाले, जमिनीवरच्या कबरी कोण बघणार?"

"हाड वर आणलं तर काय होईल?"

"तुला पकडतील. माझा परवाना जाईल." तेरेसियानं खांदे उडवले. "माझ्या सुनेची चहाची टपरी आहे."

*

त्याच संध्याकाळी शर्वरीनं अण्णांना फोन लावला. आडवळणं न घेता सांगितलं, जसं रुग्णाला दात काढावा लागणार हे सांगते तसं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चेहरा माझ्यासारखा आहे म्हणतेस? मग असणारच. माझा आजोबा आहे तो."

"अण्णा, तो जबडा..."

"शर्वे, तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. मी फोटो मोठा करायला टाकलाय. परवा माहुलीच्या संगमावर श्राद्ध घालतोय. शंभर वर्षं त्या माणसाला कुणी पाणी दिलं नाही. तू मधे पडू नकोस."

"त्यांनी तुम्हाला लोकांसमोर..."

फोन बंद झाला होता.

शेवटची बुडी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला होती. शर्वरीच्या पिशवीत एक पेचकस होता, तेरेसियानं बोटीच्या पेटीतून काढून दिलेला. कोठारात आठ-दहा पाहुणे तरंगत होते. ती सरळ सहाव्या कोपऱ्यात गेली. मास्कमधलं चित्र तिनं बंद केलं होतं, पण स्क्रू फिरवायला लागताच मास्कनं ते आपणहून पुन्हा चालू केलं. चकतीला धक्का लागला की तसं व्हायचं असावं. गेनू फडतरे तिच्यापुढे उभे राहिले, हातभर अंतरावर, आणि हसले.

"बेटी, बहुत देर कर दी आने में."

पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजला होता. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. अण्णांची तरुण हनुवटी तिच्या हातांच्या वर हलत होती. स्क्रू तुटला. जबडा तिच्या तळव्यात आला, हलका, नारळाच्या करवंटीसारखा.

चकती जबड्याला चिकटलेलीच होती. त्यामुळे माणूसही हातात आला. ती कोठाराच्या भगदाडाकडे वळली तसे गेनू तिच्यामागे निघाले, पाय न हलवता, तिच्या तळहातातून उगवल्यासारखे. हात खाली गेला की ते कमरेपर्यंत बुडत, वर आला की छताला लागत. सलाम ठोकत, पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलत. तिनं चकती नखानं खरवडून पाहिली, ती निघेना. नवपरिणीत जोडपं बाजूला झालं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, पाण्यातल्या आवाज नसलेल्या टाळ्या. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. नवऱ्यानं कॅमेरा काढला. वर जाताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. ती तीन मिनिटं शर्वरी दोराला धरून लटकत राहिली, डोळे मिटून. कानात तो आवाज चालूच होता. मास्क काढता येत नव्हता, कारण हवा त्यातूनच येत होती. तिला आयुष्यात इतकी किळस कशाचीच वाटली नव्हती, आणि ती हाडाची नव्हती. हाड हातात स्वच्छ आणि शांत होतं.

आपल्या छोट्या बोटीवर तेरेसियानं चाकूनं चकती उखडून समुद्रात फेकली. जबडा आपल्या कमरेच्या फडक्यात गुंडाळला.

कंपनीची बोट यायच्या आत त्या गावात पोचल्या. किनाऱ्यावर तेरेसियाच्या घरच्या चार बायका होत्या, त्यांनी विचारलं काही नाही. सात दगडांपलीकडे पांढऱ्या वाळूत कोपरभर खड्डा झाला. एकीनं काहीतरी पुटपुटलं, एकीनं नारळाचं पाणी शिंपडलं. शर्वरीनं नुसते हात जोडले. मग सगळ्यांनी मिळून वाळू अशी सारखी केली की जागा ओळखू येईना.

पोलिसांनी तिला दोन दिवस बंदराच्या कचेरीत बसवून ठेवलं. ऐतिहासिक ठेव्याची नासधूस, असा गुन्हा. बायकांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आम्ही खेकडे पकडत होतो. शेवटी पासपोर्टवर शिक्का मारून तिला विमानात बसवलं : पुन्हा या देशात यायचं नाही. तेरेसियाचा परवाना गेला. महिन्याभरानं तिचं पत्र आलं. सहाव्या जागी कंपनीनं प्लॅस्टिकचा जबडा बसवला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

*

कराडला दिवाणखान्यात भिंतीवर फोटो लागला होता, तीन फूट उंच, चंदनाच्या हारासह. अण्णा शर्वरीशी कामापुरतं बोलत. तिनं कंपनीला कळवून आपली आणि अण्णांची संमती मागे घेतली. उत्तर आलं की चेहरा प्रदर्शनातून काढला आहे, नमुने मात्र करारानुसार कंपनीच्या मालकीचे राहतील. अण्णांनी त्या अर्जावरही न वाचताच सही केली होती. जेवताना ती फोटोकडे पाठ करून बसायची, तरी मानेवर ती नजर जाणवायची. आरशात तोंड धुताना तिला स्वतःच्या ओठावर मिशांची सावली दिसायची. ती आरशापासून लवकर दूर व्हायची.

चार महिने असेच गेले. मग एका रविवारी सकाळी अण्णा वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ते तिच्यापुढे ठेवून उभे राहिले.

आतल्या पानावर मोठी बातमी होती. ‘शंभर वर्षांनी आजोबा भेटले : महाडच्या शेलार कुटुंबाचा आनंद.’ शेलार हे ऐंशीचे निवृत्त शिक्षक. दत्तक गेलेले असल्यामुळे त्यांचा नमुना जुळत नव्हता, तरी कंपनीनं ‘त्याच भागातल्या जनुकीय माहितीच्या आधारे’ त्यांच्या आजोबांचा चेहरा घडवला होता. वृद्ध गुरुजी फोटो छातीशी धरून उभे होते. फोटोतल्या माणसाला मिशा नव्हत्या, फेट्याऐवजी टोपी होती. बाकी कपाळ तेच, डोळ्यांखालचा खोलगट भाग तोच, हनुवटी डावीकडे झुकलेली.

शर्वरीनं बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली. वडलांकडे वर बघायचा तिला धीर झाला नाही.

"संगमावर," अण्णा म्हणाले, "भटजींनी फोटोकडे बघून विचारलं होतं, हा तुमचाच का, तरुणपणचा? मी त्यांच्यावर डाफरलो." ते खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा वाकडा झाला होता. "पिंड ठेवला मी त्याच्यापुढं. माझ्याच तोंडाला पिंड दिला. जिवंतपणी."

त्यांनी उठून सिंकमध्ये चूळ भरली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तोंड पुसलं. मग दिवाणखान्यात जाऊन स्टुलावर चढून फोटो स्वतः उतरवला. हार काढून तुळशीत ठेवला. फोटो कुठे टाकावा हे त्यांना ठरवता येईना. ज्यात आपलंच तोंड आहे तो कागद फाडवतही नव्हता आणि ठेववतही नव्हता. शेवटी त्यांनी तो माळ्यावर जुन्या पत्र्यांमागे सरकवला आणि हात साबणानं धुतले.

"तो जबडा," ते म्हणाले, "नीट पुरलात ना?"

"हो."

"बरं केलंस."

दुपारी शर्वरीनं महाडच्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडून शेलार गुरुजींचा नंबर मिळवला आणि फोन हातात घेतला. तो लावण्याआधी ती तीनदा पाणी प्यायली. त्या म्हाताऱ्याच्या घरीही आता हार असेल, पेढे वाटले असतील, नातवंडं येऊन पाया पडली असतील.

"आण इकडं," अण्णा म्हणाले. "तू बोलू नकोस. तुझं त्यांना पटायचं नाही."

ते ताठ बसले, पलटणीत अहवाल द्यायला बसावं तसे. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

"नमस्कार. शेलार गुरुजी का? मी कराडहून बोलतोय, सुभेदार जयसिंग फडतरे. आपली ओळख नाही. तुम्हाला वाईट वाटणार आहे, गुरुजी, पण ऐकून घ्या. तुम्ही भिंतीवर जो फोटो लावलाय ना, तो माझा आहे."